मृत्यूंची मोजदाद कोणी करावी?

आमच्या आजीच्या पिढीतील बायका एकमेकींची विचारपूस करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारीत : झाली किती, आणि राहिली किती? पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला म्हणजे जो आकडा उरे, तो कोणी तोंडाने उच्चारीत नसे. पण ओसरीवर बसलेल्या प्रत्येकीस तो कळत असे. गावातील मृत्यूंची ही एक मोजदाद होती. ती बिनचूक होती, बिनखर्ची होती, आणि तिचा कोणासही काही उपयोग नव्हता. ज्यांच्या हाती औषध, पैसा व अधिकार होता त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नसे; आणि ज्या बायकांना ती ठाऊक होती त्या तिला नशीब म्हणत.

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा लसींचा, रुग्णालयांचा आणि थोर डॉक्टरांचा इतिहास सांगतो. आज आम्हांस निराळ्या बाजूने त्याकडे पाहावयाचे आहे. कोण आजारी आहे, कोणाची मुले अधिक मरतात, आणि का मरतात, हे शोधून काढण्याचे काम कोणी करावे? ते सरकारने किंवा विद्यापीठाने करावे, की ज्यांच्या घरी हे मृत्यू घडतात त्यांनी व त्यांच्यात राहून काम करणाऱ्या संस्थांनी करावे? हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. तो तसा नाही, हे महाराष्ट्राने एकदा फार कडू रीतीने अनुभवले आहे. तेथूनच आरंभ करू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी तो पुण्यात पसरला. सरकारला रोगी शोधावयाचे होते. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे रोगी लवकर सापडणे व वेगळा ठेवणे आवश्यक होते, हे आपण मान्य केले पाहिजे. परंतु तो शोध गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या घालून झाला. माजघरात बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. अडगळीच्या खोल्यांत, नातेवाइकांच्या गावी, शेतातल्या झोपड्यांत माणसे नेऊन ठेवू लागले. मृत्यू झाला तरी कळू देईनात. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली, ती हकीकत सर्वांना पाठ आहे. आम्ही तिच्या मागची साधी गोष्ट सांगतो : ज्या मोजदादीची लोकांना भीती वाटते ती मोजदाद खोटी निघते. मोजणारा कितीही हुशार असो, लपविलेले प्रेत त्याच्या वहीत येत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा पाहिली. हाफकिन हा उदार मनाचा शास्त्रज्ञ होता आणि कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे नमूद आहे. तरी भिंतीआडच्या माणसाची स्वेच्छा ती किती, हा प्रश्न उरतोच. आणि ह्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांना मरण आले. रोगी त्यांच्यापासून लपत नव्हते. ह्या तीन चित्रांत मोजणाऱ्याचे आणि मोजले जाणाऱ्याचे तीन प्रकारचे नाते आहे. पुढील शंभर वर्षांच्या हकीकतीत ही तिन्ही नाती पुनःपुन्हा भेटतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांवर आम्ही फार रेंगाळत नाही. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली होती, ती पुढे हळूहळू आकारास आली. देवीविरुद्ध आणि हिवतापाविरुद्ध मोहिमा निघाल्या. संशोधन मात्र बव्हंशी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि राष्ट्रीय संस्थांत होत राहिले. गाव हे नमुना गोळा करण्याचे ठिकाण होते. जीप येई, रक्त घेई, आणि निघून जाई. त्या रक्तात काय सापडले हे गावास कळविण्याची चाल नव्हती. कोणी दुष्टपणाने असे करीत होते असे नव्हे. तसे काही करावयाचे असते हेच कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे येऊन राहिले. दवाखान्याची सर्व सिद्धता त्यांच्यापाशी होती. गावे मात्र पाणी आणि धान्य मागत होती. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. आरोळ्यांनी आपली यादी बाजूला ठेवून गावाची यादी हाती घेतली, हे त्यांचे मोठेपण. प्रत्येक गावाने आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, तिला शिकवावे, आणि तिने गावाचे आरोग्य पाहावे, अशी पद्धत त्यांनी पाडली. ह्यातील पुष्कळ बायका निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या; आणि सवर्णांच्या उंबऱ्याआत बाळंतिणीला तपासण्यासाठी त्या जाऊ लागल्या, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. गावातील जन्म किती, मृत्यू किती, लस टोचलेली मुले किती, ह्याचा हिशोब आता गावातीलच बाई ठेवू लागली आणि तो गावकऱ्यांसमोर मांडू लागली. ओसरीवरचा अनुच्चारित आकडा चावडीवर आला.

जामखेडने सेवा गावाच्या हाती दिली आणि नोंदही दिली. त्या नोंदीस शास्त्राची धार लावून ती जगाच्या विद्वानांसमोर ठेवण्याचे काम पुढे गडचिरोलीत झाले. त्यावर आम्ही थोडे सविस्तर बोलणार आहो.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. दाट जंगल, गोंड व माडिया वस्ती, रस्ते थोडे, पावसाळ्यात तेही नाहीसे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे १९८६ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्याआधी वर्धा जिल्ह्यात काम करीत असताना संशोधनाचे बळ काय असते ह्याची चव त्यांना मिळालेली होती. रोजगार हमी योजनेतील मजुराची मजुरी ज्या हिशोबाने ठरली होती तो अभय बंगांनी तपासला. मजुराला, विशेषतः मजूर बाईला, दिवसाला किती उष्मांक लागतात, तिच्या पोरांना किती लागतात, हे त्या हिशोबात फार कमी धरले होते. त्यांनी तो खोडून काढून नवा मांडला. चार रुपये असलेली ती मजुरी पुढे बारा रुपयांवर गेली. मोर्च्याने मिळाले नसते ते एका त्रैराशिकाने मिळवून दिले, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. कारण मोर्चेही होतेच. पण मोर्चेकऱ्याच्या हाती बरोबर बेरीज असली की अधिकाऱ्यास उत्तर देणे जड जाते, एवढे खरे.

गडचिरोलीतील त्यांचे आरंभीचे एक संशोधन मात्र फसले, आणि ते कसे फसले हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितले आहे. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणात आहे, असे त्यांनी शोधून काढले. शास्त्रदृष्ट्या ते महत्त्वाचे होते. परंतु लोकांना त्याचे काही वाटले नाही. त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता; आणि रोग सापडला तरी त्यावर त्यांना देता येण्यासारखे त्या वेळी फारसे काही नव्हते. लोकांवर केलेले संशोधन आणि लोकांसह केलेले संशोधन ह्यांत अंतर आहे, हा धडा तेथे मिळाला. कितीतरी नामांकित संस्थांना हा धडा पन्नास वर्षांतही मिळत नाही; कारण त्यांचे फसलेले संशोधन नियतकालिकात छापून येते आणि यशस्वी म्हणून गणले जाते.

मग रीत बदलली. काय त्रास आहे हे आधी लोकांना विचारावे, असे ठरले. पुढे संस्थेने आदिवासींसाठी दवाखाना बांधला तोही लोकांना विचारून. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले, आणि इमारत एकच मोठी न बांधता आदिवासी गावातल्यासारख्या झोपड्या बांधल्या. बायकांशी बोलताना एक निराळीच गोष्ट पुढे येऊ लागली. अंगावरून जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातील दुखणे ही दुखणी प्रत्येक बाई जाणत होती आणि कोणीच डॉक्टरकडे बोलत नव्हती. सरकारी आरोग्य खात्याला ग्रामीण स्त्री दिसत होती ती गर्भवती म्हणून किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी म्हणून. त्याखेरीज तिला शरीर आहे हे कागदावर कोठेच नव्हते. राणी बंग ह्यांनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांत गावातील बायांच्या सहकार्याने ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक रोग निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात केवळ आठ होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या लोकसंख्या-तज्ज्ञांना आपल्या कार्यक्रमांची पुन्हा तपासणी करावी लागली. वसा-अमिर्झाच्या बायकांना त्यात नवे काही वाटले नसेल. त्यांनी ते आपापसांत शेकडो वर्षे म्हटलेलेच होते.

पुढचा प्रश्न मुलांचा होता. लहान मुले न्यूमोनियाने मरत. लोक त्याला डबा किंवा पोट उडणे अशी नावे देत. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग : दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ झाले किंवा त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास झाले की समजावे. पण सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, तिच्यापाशी घड्याळही नाही. येथे दोन मार्ग होते. सुईण अडाणी आहे म्हणून तिला वगळावे, हा एक. आणि तिला मोजता येईल असे साधन करावे, हा दुसरा. बंगांनी दुसरा धरला. लाकडी चौकटीत तारेवर मणी ओवले आणि बाजूस एक मिनिटाची वाळूची घटिका बसविली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. तान्ह्यासाठी पाच निळे व सहावा तांबडा, त्याहून मोठ्यासाठी चार निळे व पाचवा तांबडा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया. जिला दहापर्यंत येते तिला हे येते. आमच्या मते गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रात घडलेल्या वैद्यकीय उपकरणांत ह्या मण्यांच्या पाटीचा मान फार वरचा आहे, आणि ती कोणत्याही मोठ्या कारखान्यात घडलेली नाही.

गावातील आरोग्यदूत आणि सुईणी न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध देऊ लागल्या. शंभराहून अधिक गावांतील प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले : ज्यांना असा उपचार मिळाला त्या न्यूमोनियाच्या रोग्यांपैकी शंभरास एकही पुरते दगावले नाही; जेथे ही सोय नव्हती तेथे शंभरास तेरा-चौदा दगावले.

तरीही पहिल्या महिन्यातील मृत्यू उरले. बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या खोलीत असतात, कोणी पाहावयास जात नाही, बारसे होईपर्यंत बाळाला नावही नसते. १९९५-९६ मध्ये आरोग्यदूत बायकांनी ३९ गावांतील ७६३ नवजात बालके त्यांच्या घरी जाऊन पहिल्या दिवसापासून महिनाभर पाहिली. चार ते दहा इयत्ता शिकलेल्या ह्या खेड्यातील बायका : वजन करणे, ताप मोजणे, दूध ओढते की नाही पाहणे, आणि सारे कागदावर उतरणे, हे त्यांनी केले. रुग्णालयात आलेली बाळे सर्वांनीच पाहिली होती. घरातली पाहणे कोणास जमले नव्हते, कारण त्या खोलीत परक्यास मज्जाव होता. त्या नोंदींवरून दिसले की निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली होती, आणि ती मिळाली शंभरातील तिघांनाही नाही.

मग उपचारही ह्याच बायकांनी करावयाचा ठरला. श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवीने हवा देणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार झोळीत ठेवणे, आणि रक्तात जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देणे. ह्या शेवटच्या गोष्टीने मोठ्या डॉक्टरांची झोप उडाली. नवजात बालकाला सातवी शिकलेली बाई सुई टोचणार! आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्याला प्रतिप्रश्न असा होता, की तिने टोचली नाही तर कोण टोचणार? रुग्णालय दूर, नदीला पूर, बाळ तीन दिवसांचे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणी तेथे राहावयास येणार नव्हते. १९९९ च्या डिसेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ह्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते ६० च्या आसपासच राहिले.

त्या ४७ गावांविषयी आम्ही काही न बोलता पुढे गेलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथेही जन्म-मृत्यू लिहिणारे होते. त्या गावांना सरकारी सोयी होत्या तशाच होत्या, त्यांतून काही काढून घेतलेले नव्हते. आणि तुलनेवाचून हा उपाय कोणीही मानला नसता, हेही खरे. मानला नसता तर पुढे देशभर पसरला नसता. युक्तिवाद पटतो. परंतु शेजारच्या गावात बाळे वाचत आहेत आणि आपल्या गावात केवळ त्यांची नोंद होत आहे, हे तेथील एखाद्या आईने विचारले असते तर कोणते उत्तर पुरे पडले असते, हे आम्हांस सांगता येत नाही. लोकांसह संशोधन म्हणावयाचे तर तुलनेच्या गावातील लोकही लोकच असतात. त्याचप्रमाणे, 'लॅन्सेट'मधील निबंधावर नावे असतात ती डॉक्टरांची व संशोधकांची. झोळी, घड्याळ आणि वही घेऊन रात्री-अपरात्री गेलेल्या बायका लेखक म्हणून गणल्या जात नाहीत. ही 'सर्च'वर टीका नव्हे. जगातील शास्त्रीय नियतकालिकांची चालच तशी आहे, आणि ती बदलावी असे आम्हांस वाटते.

एक संस्था, एक दांपत्य, दोघेही परदेशी शिकलेले : असा आक्षेप येथे येणारच. जामखेडचे आरोळे आणि गडचिरोलीचे बंग ह्या दोन्ही दांपत्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले होते. मग जेथे असे दांपत्य नाही तेथील लोकांनी काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर १९९८ पासून मिळू लागले, आणि आमच्या दृष्टीने ह्या हकीकतीतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

नव्वदीच्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या दरसाल येऊ लागल्या होत्या. पावसाळा आला की वर्तमानपत्रांत फोटो, विधिमंडळात गदारोळ, मंत्र्यांचा दौरा. बालमृत्यू म्हणजे मेळघाट, आणि मेळघाट म्हणजे कुपोषित आदिवासी, अशी शहरी वाचकाची समजूत झाली. ती खरी आहे का हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या तेरा स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. कोणी आदिवासी भागात, कोणी साध्या खेड्यांत, कोणी शहरी झोपडपट्टीत. आपापल्या क्षेत्रात दोन वर्षे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवावयाचा, असे त्यांनी ठरविले.

हे एकत्र येणे का आवश्यक होते ते साध्या हिशोबाने दाखविता येईल. हजार वस्तीचे गाव घ्या. वर्षाला पंचवीस जन्म धरा. हजार जन्मांमागे ऐंशी अर्भके मरतात असे समजा, म्हणजे परिस्थिती भयंकर आहे असे समजा. तरी त्या गावात वर्षाला मृत्यू दोनच होतील. एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी तीन. दोन घरांत रडणे होईल आणि गाव आपल्या कामाला लागेल. संकट आहे हे त्या गावाला एकट्याला दिसूच शकत नाही. पुष्कळ गावांच्या वह्या एकत्र येतील आणि त्या सर्व एकाच रीतीने लिहिलेल्या असतील तरच ते दिसते.

एकाच रीतीने लिहिणे, ही खरी कठीण गोष्ट. ह्या संस्थांचे कार्यकर्ते बचत गट चालविणारे, पाणलोटाची कामे करणारे, शाळा घेणारे. त्यांना आता काटेकोर व्याख्या शिकाव्या लागल्या. जन्मल्यावर एकदाही श्वास घेतला, रडले, हातपाय हलविला तर ते मूल जिवंत जन्मले; मग ते घटकेत गेले तरी तो जन्म आणि तो मृत्यू असे दोन्ही लिहावयाचे. उपजत मेले असे लिहून मोकळे व्हावयाचे नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. मूल माहेरी दगावले तर ते कोणाच्या वहीत? सासरचे गाव म्हणते ते आमच्याकडे झाले नाही, माहेरचे गाव म्हणते ती आमची नव्हे. आणि महाराष्ट्रातील कित्येक मुले ह्या दोन गावांच्या शिवेवर हरवली आहेत. तेव्हा रहिवासाचा नियम पक्का करावा लागतो. शिवाय बारशापूर्वी गेलेल्या बाळाविषयी घर बोलत नाही. त्याला दहन नाही, दिवस नाहीत, ते गुपचूप पुरले जाते. त्याची चौकशी करणारी बाई ओळखीची नसेल तर तिला चहा मिळतो, माहिती मिळत नाही.

सरकारी यंत्रणेत ही माहिती का येत नसे? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. आदिवासी भागात तीन हजार आणि इतरत्र पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र, आणि तेथे एक परिचारिका अशी व्यवस्था आहे. पण ज्या कर्मचाऱ्याने मृत्यू कळविला त्यालाच वरून विचारणा होते : तुझ्या क्षेत्रात मृत्यू का झाला? शंभर टक्के खरे लिहिणारी परिचारिका कामचुकार ठरते आणि शून्य लिहिणारी उत्तम ठरते. अशा व्यवस्थेत शून्य वाढत जातील, ह्यात नवल नाही. १८९७ मध्ये लोकांनी सरकारपासून मृत्यू लपविले. शंभर वर्षांनी सरकारच्या वहीनेच ते लोकांपासून लपविले. कारण दोन्हीकडे एकच, भय.

तेरा संस्थांचा अहवाल २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' ह्या नावाने प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. सरकारी नोंदीत ह्याचा अगदी लहान भाग होता. आणि मृत्यू केवळ मेळघाटात नव्हते. आदिवासी भागात प्रमाण अधिक होते हे खरे, पण संख्येने अधिक मुले साध्या खेड्यांत आणि शहरांतील झोपडपट्ट्यांत मरत होती, जेथे कोणी फोटो काढावयास जात नव्हते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे मूल ह्या आकड्यात असेल, असे स्वप्नातही आले नव्हते.

पुष्कळ वादविवाद झाला. शेवटी २००३ मध्ये सरकारनेच बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि अभय बंगांना तिचे अध्यक्ष केले. ज्याने हिशोब चुकीचा दाखविला त्यालाच हिशोबनीस नेमणे, हे सरकारला शोभून दिसले असे आम्ही म्हणू. मात्र आमचे लक्ष त्या तेरा संस्थांकडे अधिक जाते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी संशोधन हा शब्द तोवर आपल्यासाठी वापरला नव्हता. एकदा मोजावयास शिकल्यावर केवळ मोजून थांबणे त्यांना जमेना. २००१ ते २००५ ह्या काळात सात संस्थांनी 'अंकुर' ह्या नावाने गडचिरोलीची घरोघरी नवजात-सेवा आपापल्या खेड्यांत, आदिवासी पाड्यांत आणि झोपडपट्ट्यांत स्वतः करून पाहिली, आणि नवजात मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. गडचिरोलीत जमले ते बंगांमुळे, हा आक्षेप तेव्हापासून पूर्वीच्या जोराने कोणी घेत नाही.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगाव 'आशा' कार्यकर्ती नेमली गेली. २०११ पासून नवजात बालकांच्या घरी भेटी देण्याचे काम तिच्याकडे आले : रुग्णालयात जन्मलेल्या बाळास सहा भेटी, घरी जन्मलेल्यास सात, आणि त्याबद्दल अडीचशे रुपये. गडचिरोलीची वही अशा रीतीने देशाची वही झाली. मोठी गोष्ट झाली, ह्यात शंका नाही. लक्षावधी घरांत कोणीतरी बाळ पाहावयास जाऊ लागले. पण वाटेत काही सांडलेही. आरोग्यदूत बाईची नोंद तिच्याच गावाच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होती. आशाताईचा फॉर्म भरला की पैसे मिळतात, न भरला की मिळत नाहीत. तो वर जातो, आणि पुढे त्याचे काय होते हे तिला सहसा कोणी सांगत नाही. जुन्या परिचारिकेची गत तिची होऊ नये, अशी चिंता आम्हांस वाटते.

ह्या दरम्यान एक निराळा प्रयोगही ह्याच अभियानातून सुरू झाला होता. २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि त्या वेळचे उस्मानाबाद (आजचे धाराशिव) अशा पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली; पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यभर तिचा समन्वय केला आणि प्रत्यक्ष काम स्थानिक संघटनांनी पाहिले. आपल्या गावाला काय विचारावयाचे आहे हे गावाच्या बैठकीत बोलले जाई. परिचारिका गावात येते का, लस वेळेवर मिळते का, केंद्रात औषध असते की बाहेरून आणावयास सांगतात, कोणी पैसे मागितले का. उत्तरांवरून गावाचे एक प्रगतिपत्रक तयार होई. बरे असेल तेथे हिरवा रंग, मध्यम तेथे पिवळा, वाईट तेथे तांबडा. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून. हे पत्रक गावात लावले जाई, आणि पुढे जनसुनवाईत वाचले जाई. तेथे मांडवात एका बाजूस गावकरी बसत, दुसऱ्या बाजूस आरोग्य अधिकारी. गावातील कोणी बाई किंवा बुवा उठून पत्रक हातात धरून सांगे, की ह्या चौकोनाला आम्ही तांबडा रंग दिला आहे, तो का दिला ते ऐका. आणि अधिकाऱ्याला माईक हातात घेऊन सर्वांसमोर त्याचे उत्तर द्यावे लागे.